ओल्या कचऱ्यातल्या पोळ्या

माझी मुलगी मुक्ता नववीत आहे. शाळेने मुलांना घरच्या कचऱ्याचं वजन रोज वहीत लिहायला आणि कचरा कमी करायला सांगितलं होतं. चौथ्या दिवशी संध्याकाळी ती वर्तमानपत्र पसरून ओला कचरा निवडत होती. भाजीच्या देठांखाली कागदात गुंडाळलेल्या दोन पोळ्या निघाल्या, तूप लावलेल्या, घडीही न मोडलेल्या.

"आई, अशा कालही होत्या," ती म्हणाली. "परवाही."

आमच्याकडे पोळीला तूप फक्त माझे सासरे लावून घेतात. सासूबाई गेल्यापासून ते ताट आपल्या खोलीत नेतात आणि रिकामं आणून देतात. ते रिकामं ताट बघून मला बरं वाटायचं.

मी खोलीत जाऊन विचारलं. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले,

"घशाखाली उतरत नाही गं. सांगितलं असतं तर तू काळजी करत बसली असतीस."

ज्या माणसाला मी दोन्ही वेळा वाढते, त्याचं दुःख मला कचऱ्याच्या डब्यातून कळावं? एका घरात राहून आपण एकमेकांचं नेमकं बघतो तरी काय?

आता मी त्यांच्याबरोबर जेवायला बसते. ते एक पोळी कशीबशी संपवतात.

आठवड्याभरात कचऱ्याचं वजन उतरलं. बाईंनी मुक्ताला शाबासकी दिली. कचरा कसा कमी केला, या प्रश्नापुढे तिने लिहिलं होतं, 'पोळ्या मोजून करतो.' मी ते खोडायला सांगितलं नाही.