भाऊजींची सात गिधाडं

गिधाडं मेली म्हणून ढसाढसा रडणारा माणूस आमच्या घरात होता.
आज सकाळी तो गेला.

माझे दीर. सेनगावात सायकल पंक्चरचं दुकान. शिक्षण सातवी.

गिधाडांचा नाद म्हणून लोक हसायचे. "कोंबड्या पाळ ना, कापून तरी खाता येतील."
भाऊजी म्हणायचे, "माळावर ढोर कुजलं का मग मला हाका मारू नका."

दोन हजार सालानंतरची गोष्ट.
आमच्या ओढ्याच्या झाडांवर आधी गिधाडं मावत नव्हती. कमी होत होत सातच राहिली.
काहून, ते कुणालाच कळंना.

भाऊजींनी वर्षभर पत्रं लिहिली. कॉलेजातले पक्ष्यांवाले सर, फॉरेस्टचे साहेब, ढोरांचे सरकारी डॉक्टर. यांनी एकमेकांचं तोंड बी पाहिलं नव्हतं.
तांड्यावरचे म्हातारे नाईक पण बोलावले. घरटं कुठं, पिल्लू कधी, ते त्यांनाच बराबर ठाऊक.

सगळ्यांची आमच्याकडं मीटिंग ठरली. तिच्या आदल्या दिवशी आमचा बैल मेला.
कामाचा बैल आमी शेतातच पुरतो, मीठ टाकून. खड्डा खांदून झाला होता.

भाऊजी हात जोडून उभे. "वैनी, बैल माळावर टाकू द्या. पाहुण्यांना गिधाडं उतरताना दिसली तर कामाला लागतील."
मी म्हणलं, "न्या. पण माझं डोकं खाऊ नका."

सातही उतरली.
सर लेकरावानी खुश. चौघं एका सतरंजीवर बसले. मी तीनदा चहा केला.
फॉरेस्टवाले झाडं राखणार, डॉक्टर मेलेल्या ढोरांची नोंद ठेवणार, नाईक रोज गिधाडं मोजणार, सर लिहिणार. सगळं ठरलं.

तिसऱ्या दिवशी पाच गिधाडं माना टाकून बसली.
मग एकेक झाडाखाली पडली.

सगळे पुन्हा आले. फॉरेस्टचे साहेब म्हणले, "विष घातलंय. बैलाच्या मालकावर केस होईल."
डॉक्टरनं मला विचारलं, "बाई, बैलाला काही दिलं होतं का? इंजेक्शन?"

दिलं होतं.
पाय सुजला होता. एका खाजगी कंपाउंडरनं तीन दिवस दुखण्याची सुई टोचली. त्याला सायकलवर डबलसीट आणणारे भाऊजीच.

मी म्हणलं, "काहीच न्हाई."

भाऊजींनी माझ्याकडं पाहिलं.
गप बसले.

साहेब म्हणे विष, सर म्हणे रोग. तिथंच भांडण पेटलं. परत कुणी सतरंजीवर बसलं न्हाई.
राहिलेली दोन गिधाडं पुढच्या साली गेली.

काही वर्षांनी पेपरात आलं, गिधाडं त्या दुखण्याच्या सुईनंच मरतात. ढोरांसाठी ती बंद केली.

भाऊजी पेपर घेऊन थेट कॉलेजात गेले. "सर, सुई दिलती. मी लपवलं."
सर म्हणले, "तेव्हा बोलला असता तर आपण ती सुई इथं तेव्हाच थांबवली असती."
पुन्हा सरांनी त्यांचा फोन उचलला न्हाई.

घरी येऊन मला एवढंच म्हणले, "वैनी, तुमचं नाव घेतलं न्हाई."
मी उलट त्यांच्यावरच डाफरले. "कुणी सांगितलं होतं जायला?"

सर, तुमी कुठं असाल तर हे वाचा.
खोटं मी बोलले. केसच्या भीतीनं.
त्यांनी फक्त भावजयीला चार माणसांत खोटं पाडलं न्हाई.

माती दुपारी चारला आहे. यायचं त्यानं यावं.

भाऊजी, जा आता.
तुमच्या नावावरचं खोटं मी माझ्या नावावर घेतलं. लई उशीर केला.