मामांच्या मिठागरातली माझी रास

पनवेल ते उरण या पट्ट्यात तयार मिठाचं परत पाणी करून दाखवणारा माणूस एकच झाला, आणि तो मी.

लग्न नुकतंच झालं होतं. मी पनवेलात प्राथमिक शाळेत मास्तर. व्हर्नाक्युलर फायनल पास, त्यामुळे सासुरवाडीत मला मान होता (असा माझा समज). सासऱ्यांचं, म्हणजे मामांचं, खाडीला लागून मिठागर होतं. वैशाख संपत आलेला, मामांचा पाय मुरगळलेला, आणि संध्याकाळी व्यापाऱ्याचा मचवा खाडीतून मीठ भरायला येणार. मीठ मळकं दिसलं तर तो रिकामा परत जाणार आणि मामांची वर्षाची मेहनत पावसात जाणार. म्हणून दोन्ही जावयांना बोलावणं आलं. दुसरा जावई म्हणजे माझा साडू गणपत. मचव्यांवर ओझी वाहून त्याचे दंड माझ्या मांडीएवढे झाले होते.

आम्हाला शेजारशेजारचे दोन वाफे मिळाले. लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढायचं आणि बांधावर रास घालायची, एवढंच काम.

"जावईबापू, फळी वरच्यावर चालवा," मामा म्हणाले. "खालची जमीन दोन महिने पायांनी तुडवलीय, तवा घट्ट झालीय."

पण माझं लक्ष गणपतच्या राशीवर! त्याची गुडघ्याएवढी झाली तेव्हा माझी घोट्याला होती. त्याची कमरेला लागली तशी माझ्या डोक्यात सणक गेली. मी फळी दाबली आणि खसाखसा ओढायला लागलो. काय सांगू, रास भराभर वाढली. घटकाभरात गणपतला गाठलं. फक्त रंग म्हशीचा आला.

गणपतने वाकून पाहिलं. "मास्तर, मीठ काढताय का विहीर खनताय?"

तळाचा चिखल वर आला होता. पण शिकलेल्या माणसाला उपाय सुचतोच (हा एक शापच आहे). बांधावर पिण्याच्या पाण्याच्या दोन घागरी होत्या, बायकोने लांबच्या विहिरीवरून आणलेल्या. दोन्ही राशीवर ओतल्या. चिखल राहिला, निम्मं मीठ गेलं. मीठ पाण्यात विरघळतं हा धडा मी पोरांना छड्या मारून शिकवत असे!

"अवो, आता बाबा काय पितील?" एवढंच बोलून बायको रिकाम्या घागरी घेऊन पुन्हा विहिरीकडे निघाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मामा लंगडत आले. आता फळी आपल्या पाठीत बसणार, असं मी धरून चाललो होतो. त्यांनी उरलेलं मीठ टोपलीत भरलं, वाफ्यातल्या दाट खाऱ्या पाण्यात बुडवलं आणि दोनदा हिसडलं. चिखल खाली गेला, मीठ पांढरंशुभ्र वर आलं. मी आ वासून बघत राहिलो.

"खारं पानी मीठ खात नाय," मामा म्हणाले. "त्याचं पोट भरलेलं हाय."

मुरगळलेल्या पायावर उभं राहून त्या साठीच्या माणसाने टोपलीमागून टोपली धुतली. दरवेळी एक खडा जिभेवर ठेवायचे, मान हलवायचे, पुन्हा टोपली बुडवायचे. शेजारी गणपतची एवढी मोठी रास, पण तिकडे एकदाही बघितलं नाही. मचवा मीठ भरूनच गेला.

"मामा, कुणाची रास मोठी, ते तुम्ही बघतच नाही?"

"सवड कुठं हाय? कालचं मीठ जरा कडू निघालं व्हतं. आज तसं नको, एवढंच बघतोय."

मी तिथेच वाकून नमस्कार केला. एवढा मोठा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. मामांनी मी उकरलेल्या वाफ्याकडे बोट दाखवलं. "पाऊस गेला की हा तुमी तुडवायचा."

पुढची सगळी थंडी मी दर रविवारी वाफा तुडवला; शेजारचा गणपत तुडवायचा. मनाशी पक्कं केलं, आता कुणाशी बरोबरी नाही. आपण बरे, आपलं काम बरं. माघात एकदा मामांनी टाचेने जमीन ठोकून पाहिली.

"पाय चांगले बसले, जावईबापू. मागल्या रविवारपरीस घट्ट हाय."

माझे डोळे भरून आले. असा शेरा मला ट्रेनिंग कॉलेजातही मिळाला नव्हता. मी विचारलं, "आणि मामा, गणपतचे पाय कसे बसतात?"

मामा म्हणाले, "तुडवा."