मागच्या चाकाचा नट

माझ्या जुन्या जीपचं मागचं चाक उतरवून ठेवलं होतं आणि उस्मान मिस्त्री तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगमध्ये दाबत होता. मी बाकड्यावर बसून बघत होतो. शेजारी भिवा, माझा जुना ड्रायव्हर. बेअरिंग बसवून उस्मानने नट घट्ट आवळला आणि लगेच थोडा सैल सोडला. आवळून झाल्यावर पुन्हा थोडं सोडायचं, हे मला जन्मभर जमलं नाही. नटांच्या बाबतीत नाही आणि घरातल्या माणसांच्याही नाही. डुगडुगणाऱ्या चाकाची भीती वाटते म्हणून आपण आवळत जातो, आणि आत बेअरिंग जळत असतं.

"भिवातात्या, जरा लांब बसा," उस्मान हसत म्हणाला, "नाहीतर हेही चाक घाटात सुटायचं!"

भिवा चालवत असताना घाटात जीपचं चाक सुटलं होतं, तेव्हापासूनची गावाची ही थट्टा. भिवाही सवयीने हसला. त्याचं ते हसणं बघून मला फार थकल्यासारखं झालं.

"ते चाक याच्यामुळे नाही सुटलं," मी म्हणालो. "नट मी आवळला होता. हा सांगत होता, मालक, थोडा सैल सोडा. मी ऐकलं नाही, आत बेअरिंग जळलं. ठपका याच्यावर आला, तेव्हा मी गप्प बसलो."

उस्मानचा हात थांबला. भिवा बाकड्यावरून उठला.

"मालक, हे आमच्या घरी येऊन सांगाल?" तो म्हणाला. "सून अजून नातवाला मी चालवत असलेल्या गाडीत बसू देत नाही."

जीप तयार व्हायला वेळ होता. आम्ही चालतच निघालो.