माझा खांदा, यांचं उत्तर

माझा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला, तेव्हा सगळ्यात आधी अडलं ते केसांचं. सून ऑफिसच्या गडबडीत माझी वेणी घालायची आणि मी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून स्टुलावर बसायची. डॉक्टर म्हणाले, खांदा आखडलाय, तो व्यायामानंच सुटेल. म्हणून मी आणि हे, राजाजीनगरहून मल्लेश्वरमला फिजिओथेरपीला जायला लागलो.

तिथली मुलगी गोड होती. माझा हात धरून वर न्यायची आणि कन्नडात विचारायची, "अम्मा, दुखतंय का?" मी तोंड उघडायच्या आत बाजूच्या खुर्चीतून हे सांगायचे, "स्वल्प, स्वल्प."

थोडंसं म्हणे! आमच्या पिढ्यान्‌पिढ्या या गावात गेल्या. घरात मराठी बोलतो, पण हा शब्द सगळ्यांच्या जिभेवर. रिक्षावाल्याला स्वल्प थांब, भाजीवालीला स्वल्प कोथिंबीर घाल. तोच शब्द माझ्या खांद्याला लावायला यांना कोणी सांगितलं होतं?

दुखणं थोडं म्हटल्यावर ती बिचारी जोर लावायची. घरी आल्यावर खांदा असा ठणकायचा की व्यायाम राहू दे, पाण्याचा तांब्या उचलवायचा नाही. पुढच्या खेपेला खांदा आणखी घट्ट. बरं, जरा उतार पडला की भिंतीवर बोटं चढवायला उभी राहायची, तर लगेच हाक, "अगं, चहा टाकतेस ना?" चहा झाला की चष्मा सापडत नाही. आणि तिथं त्या मुलीनं विचारलं, घरी व्यायाम करतात का, की हेच सांगणार, "कुठे! कंटाळा करते." वा रे वा!

एक दिवस तर ती माझ्या डोक्यावरून यांच्याशीच बोलली. "सर, अम्मांचं वय झालंय. एवढा हात वर जातोय, तेवढं पुरे म्हणूया. सरी?"

"सरी," हे म्हणाले. ठीक आहे म्हणे! झालं! दोघांनी मिळून माझा हात तिथंच थांबवून टाकला.

माझं डोकं फिरलं. "हा हात कुणाचा आहे?" मी ओरडलेच. "रात्री या कुशीवर वळता येत नाही. ब्लाउज काढताना डोळ्यांत पाणी येतं. तू हात वर ओढतेस तेव्हा जीव जातो माझा, स्वल्प नाही!"

ती पोर दचकली. "अम्मा, तुम्ही हे कधी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस कुणाला? तोंड माझ्याकडे आणि कान त्यांच्याकडे!"

हे म्हणाले, "अगं, लोक बघतायत."

"बघू देत. तुम्ही बाहेर जाऊन बसा."

ते बाहेर गेले. मग तिनं पहिल्यापासून सगळं विचारलं. आधी शेक, मग सोसेल तेवढाच हात वर, आणि घरी आंघोळ झाल्या झाल्या, अंग गरम असतानाच व्यायाम. मी घरी जाहीर केलं, मी भिंतीपाशी उभी असेन तेव्हा कुणी हाक मारायची नाही. पहिल्या दिवशी यांनी चहा केला, साखर विसरले. मी तसाच पिऊन टाकला.

हळूहळू खांदा सुटत गेला. हात मानेमागे पोचला त्या सकाळी मी आरशासमोर रडले, रागानंच. इतके दिवस फुकट घालवले या लोकांनी!

आणि परवा ऐकते तर काय, हे हुबळीच्या धाकट्या भावाला फोनवर सांगतायत, "मी नेमानं घेऊन जात होतो, म्हणून सुधारली. तुझ्या बायकोचा गुडघा ना? वयाचं आहे रे, फार काही नसेल."

याच उजव्या हातानं मी त्यांच्या कानावरचा फोन काढून घेतला.

"भाऊजी, नमस्कार. तुम्ही नका सांगू. फोन तिच्याकडे द्या, गुडघा तिचा आहे."