पाच किलो दोनशेची गिटार

ऑफिसात त्याला सगळे 'काटा' म्हणायचे, आणि ते नाव त्याने कमावलेलं होतं. कुरिअरच्या काउंटरवर तेवीस वर्षं. गिऱ्हाइकाने पार्सल हातात दिलं की मशीनवर ठेवायच्या आत हा सांगणार, "एक किलो आठशे." मशीन चुकेल, काटा चुकायचा नाही. आणि असल्या माणसाने आयुष्यात हौसेने एकच वस्तू घेतली, ती न उचलता! आता याला काय म्हणावं?

झालं असं, की दातांच्या एका डॉक्टरांनी फावल्या वेळात इलेक्ट्रिक गिटार जुळवली होती. बॉडी एकीकडची, मान दुसरीकडची, तारांचा आवाज टिपणारे पिकअप कुठल्याशा मोडक्या गिटारीतले. दोन वर्षं वाजवून त्यांनी ती विकायला काढली. काटा बघायला गेला तेव्हा दवाखान्याच्या बाकावर बसला होता. डॉक्टरांनी गिटार अलगद त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने एक सूर छेडला आणि गडी खलास! सूर विरता विरेना. हा नुसता ऐकत बसला. व्यवहार झाल्यावर गिटारची पेटी गाडीत नेऊन ठेवली तीही डॉक्टरांनीच. का, ते घरी आल्यावर कळलं.

पट्टा खांद्यावर घेतला मात्र, काट्याच्या तोंडून निघून गेलं, "पाच किलो दोनशे!" दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने गिटार मशीनवर ठेवली. बरोब्बर पाच किलो दोनशे. अंदाज खरा ठरल्याचं वाईट त्याला पहिल्यांदाच वाटलं.

कारण त्याचा डावा खांदा. तीन वर्षांपूर्वी गोदामात खोकं उचलताना तो कामातून गेला होता. तीन किलोच्या वर काही घ्यायचं नाही, असं हाडांच्या डॉक्टरांनी बजावलेलं. बायकोखेरीज हे त्याने कोणाला कळू दिलं नव्हतं. तो गिटार वाजवायचा त्या बँडमध्ये तर नाहीच. बँडचा म्होरक्या म्हणजे त्याचा औषधांचं दुकान चालवणारा मित्र. त्याने सोळा वर्षांनी काट्याला मागच्या रांगेतून पुढे आणलं होतं.

"पण पुढे उभं राहून वाजवायचं हां," औषधवाल्याने सांगितलं होतं. "जमणार नसेल तर आत्ताच बोल. माझी भाची तयारच आहे."

"न जमायला काय झालं?" काटा म्हणाला होता.

मग खटपटी सुरू झाल्या. रुंद पट्टा आणला. त्याखाली टॉवेलची घडी घातली. सवय व्हावी म्हणून गिटार गळ्यात अडकवून तो घरभर फिरू लागला.

"अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?" बायकोने हटकलं.

"तीन किलोचीच आहे गं."

"मग द्या बघू माझ्या हातात."

हा गिटार घेऊन दुसऱ्या खोलीत पसार.

शेजारचा सुतार म्हणाला, "मागून कोरतो. किलोभर सहज जाईल." काट्याने पेन्सिलीने खूणही करू दिली. मग एकदा ती वाजवून पाहिली आणि खूण अंगठ्याने पुसून टाकली. सूर बिघडला तर? त्याचा जीवच होईना.

कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला डावा हात बधिर झाला. चौथ्याला दोन बोटं ऐकेनात, एक सूर भलताच लागला. पाचव्यात त्याचा एकट्याचा तुकडा होता. समोर दीडशे माणसं, पाठीला घाम. काट्याला अगदी रडू यायचं बाकी होतं. आणि मग त्याला स्वतःचाच असा राग आला, की त्याने गायिकेचं स्टूल सरळ पायाने ओढलं आणि बसला. तुकडा वाजवला, अगदी शेवटच्या सुरापर्यंत. टाळ्या पडल्या, पण औषधवाल्याकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

पडद्यामागे वायरी गुंडाळता गुंडाळता औषधवाल्याने विचारलं, "बसलास?"

"बसलो. खांदा गेलाय माझा. तीन वर्षं झाली. तुला सांगितलं असतं तर तू मला मागेच ठेवलं असतंस."

औषधवाल्याने हातातली वायर खाली ठेवली. "ठेवलं असतं," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

काट्याने मान हलवली. "मग भाचीला निरोप दे."

"तिला कसला निरोप? पुढच्या वेळी स्टूल जरा पुढे घे. माझ्या कीबोर्डच्या आड तू लोकांना दिसतच नव्हतास."