‘एक्सेप्ट’ची पाच वाक्यं

“मिस, हे वाक्य खोडा. चूक आहे म्हणून सांगा तिला.”

ईराची मम्मी वही माझ्या तोंडासमोर धरून उभी होती. मीरा रोडला चौदाव्या मजल्यावरचा त्यांचा हॉल. टेबलावर माझा चहा, कागदी कपात. समोर पाचवीतली ईरा, पेन्सिल चावत बसलेली.

मी तिला घरी जाऊन इंग्रजी शिकवायचे. आदल्या दिवशी ‘एक्सेप्ट’ शिकवला होता. एक्सेप्ट म्हणजे सोडून. सगळे आले, एक सोडून. म्हटलं, पाच वाक्यं लिहून ठेव, पण गाईडातली नकोत, आपल्या घरातली पाहिजेत. माझी पद्धतच ती. घरातलं लिहिलं की पोरं शब्द विसरत नाहीत.

ईराने लिहिलं. बाबा सोडून सगळ्यांना कारलं आवडतं. रविवार सोडून रोज मी सहाला उठते. आणि चौथं: ‘एव्हरीवन गेट्स टी इन अवर कप्स एक्सेप्ट मिस.’ आमच्या कपात सगळ्यांना चहा मिळतो, मिसना सोडून.

स्पेलिंग बरोबर. वाक्य बरोबर. आणि खरं.

मला माहीत नव्हतं असं नाही, हीच शरमेची गोष्ट. पहिले दोन दिवस मला फुलाफुलांचा कप आला होता. तिसऱ्या दिवशी मोबाईल टेबलावर ठेवला, त्यावर आमच्या विहारातल्या बुद्धमूर्तीचा फोटो. मम्मींनी पाहिला. “तुम्ही मूळच्या कुठल्या?” म्हटलं, नांदेडकडच्या, आता भाईंदर पूर्वेला राहतो. “अच्छा, अच्छा.” त्या दिवसापासून कागदी कप. मी स्वतःची समजूत घातली, आजारपणाची भीती असेल, भांडीवाली येत नसेल. पण ड्रॉइंगचे सर माझ्यासमोर त्याच फुलाफुलांच्या कपात प्यायचे. तरी सात महिने मी तो कागद तोंडाला लावला. चहाला मेणाचा वास यायचा. वर रिकामा कप मीच उचलून दाराबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. कारण मम्मी गोड आवाजात म्हणाल्या होत्या, “जाताजाता टाकाल ना?” आणि मी हो म्हटलं होतं. आठवलं की आजही त्यांची किळस येते, त्याहून जास्त माझ्या त्या ‘हो’ची.

“अहो, लहान आहे ती,” मम्मी म्हणाल्या. “हीच वही शाळेत दाखवते. लोकांना काय वाटेल?”

लोकांना काय वाटेल! मला काय वाटतं, ते सात महिन्यांत एकदाही बाईच्या डोक्यात आलं नव्हतं.

ईरा माझ्याकडे बघत होती. “मिस, चुकलं का?”

त्या टॉवरमधली आणखी तीन मुलं मला मम्मींच्याच ओळखीने मिळाली होती. माझं बी.एड. त्याच शिकवण्यांवर चाललं होतं. एक रेघ मारली असती की सगळं सुरळीत. पण पोरीने खरं लिहिलं आणि ते चूक म्हणून मीच खोडायचं, माझ्याच लाल पेनाने? थू.

मी पेन काढलं. चौथ्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली.

“नाही गं. एकदम बरोबर आहे. असंच लिहीत जा.”

मग मम्मींकडे वळले. “हे वाक्य नको होतं, तर कप बदलायचा होता.”

“तुम्ही गैरसमज करून घेताय.”

“गैरसमज सात महिने होता. आज नाहीये.”

चहा तसाच ठेवला. कपाला हात लावला नाही. चपला घातल्या, निघाले. दुसऱ्या दिवशी त्या तिन्ही घरांतून मेसेज आले, आता येऊ नका. एकाच्याही घरून कारण नाही. बी.एड.चं ते वर्ष माझं राहिलं. रडले, खोटं कशाला बोलू.

आता नव्या घरी गेले की बसायच्या आधीच सांगते. आम्ही बौद्ध. चहा देणार असाल तर तुम्ही पिता त्याच कपात द्या, नाहीतर देऊ नका. तोंडं बघण्यासारखी होतात एकेकाची. परवा एक बाई म्हणाल्या, “आम्ही असलं काही मानत नाही हो. पण आधीच कशाला सांगायचं?”

सांगणार. प्रत्येक दारात सांगणार. ज्यांना मी नकोय त्यांनी ते माझ्या तोंडावर म्हणावं. चहा पाजून नाही.