एका फडक्यातली अफू

जुन्नरला मामलेदार म्हणून माझी बदली झाली, तेव्हा सोबत मॅजिस्ट्रेटचे अधिकारही आले. वसुलीचं काम मला येत होतं. माणसाला तुरुंगात पाठवण्याचं काम मी तिथेच शिकलो, आणि शिकवणारे होते आमचे फौजदार. आरोपी उभा राहिला की ते हळूच सांगत, "रावसाहेब, याला इथला रिवाज पंधरा दिवसांचा." बेकायदा अफू बाळगणाऱ्याला रिवाज महिन्याचा. कायद्यात कैद, दंड किंवा दोन्ही, असं लिहिलेलं होतं आणि कमीत कमी किती, हे कुठेच नव्हतं. पण आधीचे साहेब सगळ्यांना एकच माप लावत. त्यामुळे काम लवकर उरकायचं.

एकदा ओतूरच्या बाजारात धरलेली एक बाई माझ्यापुढे आणली. आंबेगावकडच्या डोंगरातली, चाळिशीची, अंगाने काटक. ओतूर तिचं माहेर. तिच्या फडक्यात अफू सापडली होती, आणि एका माणसाजवळ जितकी ठेवायला परवानगी, त्याहून बरीच जास्त. दुकानदाराची साक्ष झाली. त्याच्याकडे सरकारी परवाना होता. तो म्हणाला, "बाई, तिचे दोन भाऊ आणि भावजय असे चौघं आले होते. प्रत्येकाने आपल्या वाट्याचीच घेतली. मी जास्त कोणालाच दिली नाही."

म्हणजे विक्री कायदेशीर होती आणि खरेदीही कायदेशीर होती. चौघांच्या चार कनवटींना अफू राहिली असती, तर कोणाला हात लावता आला नसता. ती एका फडक्यात आली, तिथे गुन्हा झाला.

"गुन्हा कबूल आहे?" मी विचारलं.

"अफू माझीच हाय. भावांनी माझ्यापायी घेतली."

"एवढी कशाला लागते?"

"मालकाला. हिरडा काढाया झाडावर चढलं व्हतं, तिथनं पडलं. कंबर मोडली. तवापासनं उठता येत न्हाई. अफूची गोळी पोटात गेली की जरा डोळा लागतो, न्हाईतर आरडत्यात. लई आरडत्यात, रावसाहेब. शेजारची पोरं भिऊन आमच्या दारावरनं जात न्हाईत."

"थोडी थोडी का नेत नाही?"

"येऊन-जाऊन दोन दिस मोडत्यात. त्यांच्यापाशी कोन बसंल?"

मी फौजदारांकडे पाहिलं. ते खाली बघून म्हणाले, "रिवाज महिन्याचा, रावसाहेब." त्यांच्या आवाजात राग नव्हता. पावसाळ्यात छत्री न्या असं सांगावं, तसं ते सांगत.

बाईने गुन्हा केला होता, यात शंका नव्हती. कायद्याने तो माफ करण्याची मुभा मला नव्हती. शिक्षा किती द्यायची, एवढंच माझ्या हातात होतं. मी कोर्ट उठेपर्यंतची साधी कैद दिली. ती ओसरीवर शिपायाजवळ बसून राहिली आणि दिवस मावळायच्या आत सुटली. अफू मात्र जप्त करावी लागली. निकाल सांगितल्यावर तिने विचारलं, "मंग आता त्यांचं काय?"

दवाखान्यातल्या डॉक्टरांना मी चिठ्ठी दिली. त्यांनी तिला वेदनेवरचं औषध दिलं. पण रोग्याला पाहिल्याशिवाय पुन्हा देता येणार नाही, असंही बजावलं. रोगी तर हलवता येत नव्हता.

पुण्याहून, कलेक्टरांच्या कचेरीतून, खुलासा मागवला गेला. इतकी सौम्य शिक्षा का? मी घडलं ते लिहिलं आणि खाली एक सूचना जोडली: अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांना, चौकशी करून, जास्त अफू बाळगण्याचा दाखला मिळावा. विकणारा आणि रोग्यासाठी नेणारा, दोघांना एकाच तराजूत तोलू नये.

फौजदार म्हणाले, "आता जो तो म्हणेल, घरात आजारी आहे."

त्यांचं खरं ठरलं. पुढच्याच खटल्यात एकाने बायकोचं दुखणं सांगितलं. मी पाटलाकडून चौकशी करवली, तर ती बाई विहिरीवरून डोक्यावर दोन हंडे घेऊन येताना सापडली. त्याला महिना दिला. त्या दिवशी फौजदारांनी मला आपल्या डब्यातलं पान दिलं.

उन्हाळ्यात ती आंबेगावकडची बाई कचेरीत आली. कपाळ मोकळं होतं. तिने पदराची गाठ सोडून अफूची एक लहानशी गोळी माझ्या टेबलावर ठेवली.

"ह्ये उरलं. घरात ठिवलं तर पुन्यांदा धरत्याल का?"

"एवढ्याला कोणी धरणार नाही, बाई."

"तरी बी नगं. बगवत न्हाई."

नवरा गेल्याचं वाईट वाटतं का, असलं काही मी विचारलं नाही. शेवटी आरडले का, एवढं विचारलं. ती म्हणाली, "न्हाई. शेवटचं दोन दिस गप व्हते." शिपायाने तिला पाणी दिलं. ते पिऊन ती गेली. गोळीचं काय करायचं, याचा नियम नव्हता. पंचांसमोर ती आम्ही जाळली.

माझी सूचना कितीतरी दिवस फिरत राहिली. अखेर उत्तर आलं. दाखला द्यायला मंजुरी मिळाली, पण रोग्याचं गाव कुठलंही असो, दाखला तालुक्याच्या कचेरीतूनच मिळणार होता. पहिला दाखला मी एका म्हाताऱ्याला दिला. त्याच्या भावाच्या पायाचं हाड सडलं होतं. त्याने कागद उलटा-सुलटा करून पाहिला, मुंडाशात खोचला आणि म्हणाला, "लई उपकार झालं, रावसाहेब. पर ह्ये आमच्या पाटलाला देता आलं असतं, तर माझी डोंगर उतरायची पायपीट वाचली असती."

मी तेही पुण्याला लिहून पाठवलं. त्याचं उत्तर येण्याआधी माझी बदली झाली.